कमी पैशांत सकस ताट

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तिथल्या मगनवाडीतून गांधीजी आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ आणि हिरवा भाजीपाला यांचा आग्रह धरला. तांदूळ पॉलिश केला की कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वही बरेचसे निघून जाते.

तो विचार आजही उपयोगी आहे. लायसिन हा प्रथिनांतला घटक ज्वारीत कमी, तुरीच्या डाळीत भरपूर. म्हणून भाकरी-वरण सोबत खाल्ले की प्रथिनांची उणीव भरून निघते. जवसाच्या चटणीतून ओमेगा-३ मिळते. चिवळ, तरोटा, मेथी अशा मोसमी भाज्यांवर लिंबू पिळा. म्हणजे भाज्यांतले लोह अंगी लागते. भाजी आधी धुवा, मग चिरा. बिस्किटांच्या पुड्यांऐवजी फुटाणे-शेंगदाणे आणा.