पोरगं हट्टी नाही, त्याला आवाज सोसत नाही



वर्षावासात कामरगावच्या विहारात ग्रंथवाचन झालं की आम्ही थोडा वेळ आरोग्यावर बोलतो. यंदा टेम्पल ग्रँडिन यांचं १९८६ सालचं आत्मकथन ‘इमर्जन्स’ मराठीत समजावून सांगत वाचलं. कारण वस्तीतल्या आयांना ‘तुझ्याच लाडानं पोरगं बिघडलं’ हे रोज ऐकावं लागतं. नर्स असताना आम्हीही अशा लेकरांना हट्टी समजून दरडावलं आहे.

टेम्पल यांचा जन्म १९४७ चा, अमेरिकेतला. साडेतीन वर्षांपर्यंत त्या बोलल्या नाहीत. जवळ घेतलं की अंग आखडून घ्यायच्या. संस्थेत ठेवा, असा सल्ला मिळाला. आईनं तो मानला नाही. शाळेची घंटा त्यांच्या कानाला असह्य व्हायची. आत्याच्या शेतावर त्यांनी गुरांना टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा खोडा पाहिला. त्यात काही गुरं शांत व्हायची. मग तसाच दाब देणारं यंत्र त्यांनी स्वतःसाठी बनवलं. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या.

यालाच स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतात. मेंदूची वाढच वेगळ्या रीतीनं होते. आईची चूक नाही, लसीचा दोष नाही. मागच्या जन्मीचं पाप तर नाहीच; ती कल्पना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये नाकारली आहे. अंगारे-धाग्यात वेळ घालवू नका.

प्रत्येक मूल प्राध्यापक होईल असं नाही. काही मुलं कधीच बोलत नाहीत. टेम्पल यांच्या घरी पैसा होता, सांभाळणारी बाई होती. पण ती बाई तासन्‌तास जे करायची ते आपल्यालाही जमतं: ‘एकदा तू, एकदा मी’ असा खेळ.

वर्षाचं होऊन मूल नावाला ओ देत नसेल, बोटानं दाखवत नसेल, दीड वर्षात एकही शब्द बोलत नसेल किंवा येणारे शब्द विसरत असेल, तर थांबू नका. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना दाखवा आणि आधी कान तपासून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. सरकारी दवाखान्यातून प्रमाणपत्र मिळतं, शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

येत्या रविवारी लेकरांना घेऊन विहारात या. त्या दिवशी लाऊडस्पीकर बंद राहील.