शांत समुद्रकिनारा आणि पठारावरील प्रवासी

तुळजापुरास भवानीच्या मंदिराच्या पायऱ्या उतरू लागले म्हणजे प्रथम कल्लोळ तीर्थ लागते. कल्लोळ या शब्दाचा मूळ अर्थ मोठी लाट असा आहे. बालाघाटाच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर वसलेल्या या गावातील पुष्कळ माणसांना खरी लाट मात्र उभ्या आयुष्यात पाहावयास मिळत नाही. या भागातील माणसाचा पाण्याशी परिचय होतो तो विहिरीवर, तळ्याच्या काठी, किंवा फार तर नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्यापाशी. हे सारे पाणी काठांनी बांधलेले असते. समुद्राचे पाणी तसे नसते, आणि पठारावरील कुटुंब प्रथमच समुद्रकाठी जाते तेव्हा आनंद आणि अपघात या दोहोंचे मूळ या एकाच भेदात असते.

हल्ली रस्ते सुधारले आहेत. तुळजापूरहून सोलापूर, तेथून कोल्हापूर आणि पुढे गगनबावड्याच्या किंवा फोंड्याच्या घाटाने मालवण असा सुमारे चारशे किलोमीटरांचा हा प्रवास आहे. वाटेत कोल्हापुरास अंबाबाईचे दर्शन घडते, म्हणून देवदर्शन आणि समुद्रदर्शन अशी जोडयात्रा करण्याकडे अनेक कुटुंबांचा कल असतो. मालवणास गेल्यावर सिंधुदुर्ग पाहिल्यावाचून कोणी परतत नाही. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला आणि १६६७ साली तो पुरा झाला. चोहोंकडे खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या त्याच्या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. तुळजाभवानी ही महाराजांची कुलदेवता; या जलदुर्गातही भवानीचे मंदिर आहे, हे पाहून तुळजापूरच्या माणसाला परमुलखातही घरचे कोणी भेटल्यासारखे वाटते.

मालवण शहराच्या उत्तर अंगास चिवला नावाचा वाळूचा किनारा आहे. तेथील लोक त्यास चिवला वेळा म्हणतात. कोयत्याच्या पात्यासारखा त्याचा आकार, मागे नारळीची झाडे, झाडांत विखुरलेली घरे, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, एवढेच तेथील वैभव. थाटमाटाची अपेक्षा करणाऱ्याची येथे निराशा होईल; परंतु लहान मुले आणि वृद्ध माणसे बरोबर असलेल्या कुटुंबास असाच किनारा हवा असतो. राज्यभरातील पोहणाऱ्यांच्या सागरी शर्यती या किनाऱ्यावर भरतात, यावरूनही येथील पाण्याच्या स्वभावाची कल्पना येईल.

हे पाणी शांत का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा वाहतो तेव्हा शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लहर धावत गेलेली दिसते. ताटे मात्र जागच्या जागी डोलतात. भर समुद्रातील लाट अशीच असते. तेथे धावतो तो पाण्याचा आकार. पाणी बहुतांशी जागच्या जागी फिरते. उथळ भागात आल्यावर लाटेचा पाय तळाला अडतो, तिची गती मंदावते, माथा पुढे झुकतो आणि ती फुटते. आता शाळेतील मुलांची एक आडवी रांग कडक मैदानावरून तिरकस चालत नांगरलेल्या शेतात शिरते आहे, अशी कल्पना करावी. ज्या टोकाची मुले ढेकळांत प्रथम शिरतील ती मागे पडतील आणि सारी रांग त्या बाजूस वळेल. लाटेचेही असेच होते. समुद्रात पुढे आलेल्या भूशिरापाशी पाणी आधी उथळ होते, म्हणून लाटा तिकडे वळून आपला जोर तेथे खर्च करतात. आत शिरलेल्या उपसागरात त्यांचा जोर पसरतो आणि विरळ होतो. मालवणास तर समुद्रात खडकांच्या रांगाच्या रांगा आहेत. बाहेरून आलेली लाट पुष्कळ वेळा त्यांवरच फुटते आणि किनाऱ्यास पोचते ती तिची उरलीसुरली शक्ती. हे खडक परक्या नाविकास धोक्याचे असत, म्हणूनच जलदुर्गास ही जागा सोयीची ठरली. जो खडक शत्रूच्या गलबतास अडवी, तोच आज मुलांच्या खेळास आडोसा देतो.

परंतु शांत पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. मालवणच्याच दक्षिणेस, जवळच असलेल्या वायरीच्या किनाऱ्यावर एप्रिल २०१७ मध्ये बेळगावहून सहलीस आलेल्यांपैकी आठ जण बुडून मरण पावले. तो काही पावसाळा नव्हता. एकाच गावच्या दोन किनाऱ्यांचा स्वभाव निराळा असू शकतो. इतकेच नव्हे, तर एकाच किनाऱ्याचा स्वभाव सकाळी एक आणि सायंकाळी दुसरा असू शकतो. हा पालट मुख्यतः भरती-ओहोटीमुळे आणि वाऱ्यामुळे होतो, आणि तो आधी समजून घेणे पंचांग वाचणाऱ्या कोणासही अवघड नाही.

कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. तिथीच्या अंकास पाऊणने गुणावे. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते, आणि तिच्यानंतर किंवा आधी सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. गावपरत्वे यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून स्थानिक माणसास विचारून वेळ पक्की करावी. पौर्णिमेच्या पंधरास पाऊणने गुणले असता सव्वाअकरा येतात. म्हणजे पौर्णिमेस दुपारपूर्वी भरती पूर्ण होते आणि सायंकाळपर्यंत पाणी सारखे ओसरत असते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकत्र पडून उधाणाची भरती येते. मालवणास त्या वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे दोन मीटरांचा फरक पडतो. म्हणजे प्रौढ माणसाच्या डोक्यावरून जाईल इतके पाणी येते आणि परत जाते. बाहेरगावचे प्रवासी सकाळी किल्ला पाहतात, दुपारी जेवतात आणि नेमके पाणी माघारी ओढत असण्याच्या वेळी पाण्यात उतरतात. अनिष्ट प्रसंगाचे बीज पुष्कळदा या वेळापत्रकातच असते.

उलट पंचमीचा विचार करावा. पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारास भरती, तर सकाळी साडेनऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. साडेनवापासून दुपारपर्यंत पाणी हळूहळू चढत असते. या तिथीस उधाण ओसरत आलेले असते, कारण अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सर्वांत सौम्य भरती यावयाची असते. वाऱ्याचीही येथे मदत होते. रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दिवस तापल्यावर समुद्राकडून खारे वारे सुटतात. म्हणून हिवाळ्यात व उन्हाळ्यात सकाळचे पाणी बहुधा अधिक स्थिर आणि दुपारनंतरचे अधिक खळबळते असते. तेव्हा शुद्ध किंवा वद्य पंचमी-षष्ठीची सकाळ कुटुंबाच्या समुद्रस्नानास उत्तम. पौर्णिमेस तुळजापूरची यात्रा करावी आणि समुद्राकडे पंचमीस जावे, असे म्हणण्यास हरकत नाही. पावसाळ्यात मात्र कोणतीही तिथी चांगली नव्हे. जून ते ऑगस्ट या महिन्यांत समुद्र काठावरूनच पाहावा.

पठारावरील ज्या तरुणांना पोहता येते त्यांना एक गोष्ट विशेष सांगावयास हवी. कमरेस भोपळ्याची सांगड बांधून विहिरीत पोहावयास शिकलेला मुलगा आपण पट्टीचे पोहणारे आहोत असे समजतो, आणि विहिरीपुरते ते खरेही असते. परंतु विहिरीत चार हातांवर कडा असते आणि पाणी जागचे हलत नाही. समुद्रात कडा नाही, पायाखालची वाळू सरकते, आणि किनाऱ्यावर चढलेले पाणी काही ठिकाणी अरुंद पट्ट्याने जोरात माघारी जाते. अशा पट्ट्यात लाटा फुटताना दिसत नाहीत, म्हणून अजाण माणसास तीच जागा सर्वांत शांत वाटते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ झुंजू नये. झुंजणारा दमतो आणि दमलेला बुडतो. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा माणसास अधिक तोलून धरते. तेव्हा उताणे तरंगावे, हात वर करून हाक मारावी, आणि किनाऱ्यास समांतर आडवे पोहून पट्ट्याबाहेर पडल्यावरच काठाकडे वळावे. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी एकामागून एक उड्या घेऊ नयेत. दोर, रिकामा डबा, होडीचे वल्हे, जे हाताशी असेल ते फेकावे आणि कोळी बांधवांना बोलवावे.

मुलांच्या बाबतीत नियम सोपा आहे. मुलाच्या गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये. मूल काठाकडे आणि मोठे माणूस समुद्राकडे अशा रीतीने उभे राहावे, आणि लाटेकडे पाठ करू नये. नऊवारी किंवा पाचवारी लुगडे भिजले म्हणजे फार जड होते आणि पायांत गुंतते, याचा स्त्रियांनी आधीच विचार करावा.

पाण्यात उतरले तरच समुद्र पाहिला असे मात्र नाही. पहाटे कधी कधी या किनाऱ्यावर रापण ओढतात. होडीतून मोठे जाळे अर्धवर्तुळात सोडतात आणि त्याची दोन्ही टोके वाळूवर उभी असलेली माणसे दोरांनी ओढीत आणतात. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. त्यास गावकी लागते आणि मिळकतीची वाटणीही ठरलेल्या रीतीने होते. मोटेच्या आणि सुगीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या शेतकऱ्याच्या मुलास हा समुद्रातील सुगीचा देखावा सहज समजतो. ओहोटीस उघड्या पडलेल्या खडकांच्या खळग्यांत खेकडे, शिंपले आणि लहान मासे दिसतात. ते पाहावेत, उचलून नेऊ नयेत. येथील सागरी जीवांच्या रक्षणासाठी मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ साली अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आला आहे.

या सगळ्यास खर्च फारसा लागत नाही. एक सतरंजी, पिण्याचे भरपूर पाणी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, सुके कपडे आणि कचरा परत नेण्यासाठी एक पिशवी, एवढे बरोबर असले म्हणजे पुरे. परंतु निघण्यापूर्वी पंचांगातील तिथी पाहावी, आणि पोचल्यावर, पाण्यात पाय घालण्याच्या आधी, काठावर जाळे दुरुस्त करीत बसलेल्या माणसास दोन शब्द विचारावेत: आज पाणी कसे आहे, आणि कोठे उतरू नये? विहिरीचा तळ विहीर खणणारास ठाऊक असतो. समुद्राचा स्वभाव त्याच्यावर पोट असणारास ठाऊक असतो. तो नको म्हणाला, तर त्या दिवशी मुलांना वाळूत खेळू द्यावे. चारशे किलोमीटर येऊन पाण्यात उतरावयास मिळाले नाही, तर हळहळ वाटेल खरी. परंतु जितकी माणसे घरून निघाली तितकीच घरी परत पोचली, म्हणजे सहल पार पडली असे समजावे.