घरचा स्पीकर – लेखांक ३ : पेटीतल्या हवेचा हिशेब

स्पीकरला पेटी लागते ती शोभेसाठी नव्हे. त्याचा कागदी शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन उलट्या लहरी कडेने वळून एकमेकींना भेटल्या, की खर्ज मरतो. गेल्या आठवड्यात निवडलेला तीन इंची स्पीकर टेबलावर उघडाच वाजवला, तर डग्ग्याची घुमक जवळजवळ ऐकूच येत नाही, ती यामुळे. पेटी मागची लहर कोंडून ठेवते.

कोंडलेली हवा मात्र स्वस्थ बसत नाही. शंकू आत आला की ती त्याला बाहेर ढकलते, बाहेर गेला की मागे ओढते. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी हाच गुण कामाला लावला. तोवर चांगला खर्ज म्हणजे कपाटाएवढी पेटी, असाच समज होता. व्हिलचर यांनी शंकूचा ताण मुद्दाम सैल ठेवला आणि त्याला जागेवर आणण्याचं काम हवेवर सोपवलं. हवेचा ताण शंकूच्या कडेपेक्षा एकसारखा असतो, म्हणून आवाज स्वच्छ झाला. त्यांचा ‘एआर-१’ पुस्तकांच्या फळीवर मावत असे.

पण पेटी नेमकी केवढी? याचं नेटकं गणित ऑस्ट्रेलियात घडलं. नेव्हिल थील यांचा भोक असलेल्या पेट्यांवरचा निबंध १९६१चा. जगाचं लक्ष त्याकडे गेलं ते १९७१ मध्ये अमेरिकेत पुन्हा छापला गेल्यावर. सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेलं आणि बंद पेट्याही त्यात आणल्या. आज स्पीकरच्या माहितीपत्रकावर दिसणारे आकडे या दोघांच्या नावाने ओळखले जातात. हा कागद हातात नसेल तर प्लायवूडला करवत लावूच नये.

समजा, कागदावर क्यूटीएस ०.५, व्हीएएस ३ लिटर आणि एफएस १०० हर्ट्झ आहे. पहिला आकडा शंकूची थरथर किती आवरलेली आहे ते सांगतो. दुसरा, शंकूच्या ताणाइतकीच लवचिक हवा किती लिटर ते. तिसरा, शंकू मोकळा असताना कुठल्या कंपनाला आपसूक डोलतो ते. पेटीत बसवल्यावर पहिला आकडा ०.७०७ व्हावा, म्हणजे खर्ज ना फुगतो ना लवकर गळतो. ०.७०७ला ०.५ने भागून वर्ग केला की २ येतात. त्यातून १ वजा करून उरलेल्या १ने व्हीएएसला भागायचं. पेटी ३ लिटरची. आतून १२ × १२.५ × २० सेंटिमीटर. स्पीकरचं चुंबक आत जागा अडवतं, तेवढी खोली वाढवावी.

याची किंमतही मोजावी लागते. १०० हर्ट्झचा डोल आता १४१वर चढतो आणि त्याखालचा आवाज उतरत जातो. तंबोऱ्याचा खर्ज तीन इंची स्पीकरकडून मागू नये. बोलणं, गाणं, सतार मात्र तो फार सुंदर वाजवतो.

उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस पिंजून पेटीत सैलसर भरावा. दाबली जाताना हवा किंचित तापते. धागे ती उष्णता शोषतात, हवेचा ताण मऊ होतो आणि पेटी आहे त्याहून थोडी मोठी असल्यासारखी वागते.

सांधे फेविकॉलने जोडून रात्रभर दाबून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी ५० हर्ट्झचा सूर अगदी हळू लावून प्रत्येक कडेशी पेटती उदबत्ती न्यावी. धूर थरथरला तिथे फट आहे. ती बुजवल्यावरच तारा कायमच्या जोडायला घ्याव्यात.

(पुढील लेखांकात : अ‍ॅम्प्लिफायर आणि जोडणी)