खोडकिड्याच्या अंड्यातली माशी

अंबरनाथ-बदलापूरच्या इमारतींपलीकडे, गावांकडे, अजून भातखाचरं आहेत. तिथला मोठा शत्रू खोडकिडा. अळीने खोड पोखरलं की लोंबी पांढरी, पोकळ निघते. ट्रायकोग्रामा जापोनिकम ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी ती अळी जन्मूच देत नाही. खोडकिड्याच्या पतंगाने घातलेल्या अंड्यात ती स्वतःचं अंडं घालते. पिल्लू आतला गर खाऊन ८ ते १० दिवसांत माशी होऊन बाहेर पडतं. किती नेमकं काम! प्रयोगशाळेत तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर ही वाढवतात. ही अंडी कार्डावर चिकटवतात, ते ट्रायकोकार्ड; एकावर अशी सुमारे २० हजार अंडी. कार्डाचे तुकडे भाताच्या पानांना टाचायचे. त्या दिवसांत कीटकनाशक मात्र फवारू नका, त्यात हीसुद्धा मरते.