रॅपरआड लपलेला निर्णय

२२ मे २०२२ रोजी लिनक्स कर्नेलची ५.१८ ही आवृत्ती आली आणि ‘पीसीआय-डीएमए-कंपॅट’ नावाची हेडर फाइल कायमची गेली. नागपुरात बसून ड्रायव्हरचा कोड वाचणाऱ्या-शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला तिचा वीस वर्षांचा प्रवास फार काही शिकवून गेला.

२००१ साली आलेल्या २.४ मध्ये पीसीआय कार्डाला आणि प्रोसेसरला सामाईक मेमरी हवी असली, की ड्रायव्हर ‘पीसीआय_अलॉक_कन्सिस्टंट’ हे फंक्शन बोलावत असे. २००२च्या अखेरीस जेम्स बॉटमली यांनी कोणत्याही बसला चालेल असा डीएमए (उपकरणाने थेट मेमरी वापरण्याचा) इंटरफेस आणला. जुनी फंक्शने मात्र ‘पीसीआय-डीएमए-कंपॅट’मध्ये नव्यावरची पातळ रॅपर म्हणून ठेवली गेली. शेकडो ड्रायव्हर एका रात्रीत मोडू नयेत, हा हेतू रास्तच होता.

मेख पुढे आहे. गाभ्यातले ‘डीएमए_अलॉक_कोहेरंट’ ड्रायव्हर लिहिणाऱ्याला विचारते: मेमरी मिळेपर्यंत थांबायची तयारी आहे का? तयारी असेल तर ‘जीएफपी_कर्नेल’ हा फ्लॅग, नसेल तर ‘जीएफपी_अ‍ॅटॉमिक’. रॅपर हा प्रश्न विचारतच नसे. आतल्या आत ‘अ‍ॅटॉमिक’ पाठवून मोकळे होई. कार्ड सापडल्यावर चालणाऱ्या प्रोब फंक्शनमध्ये निवांत थांबता येते. तिथेही ‘अ‍ॅटॉमिक’मुळे ड्रायव्हर मेमरीच्या राखीव साठ्याला हात घालत आणि मेमरीची चणचण असली, की विनाकारण अपयशी ठरत.

म्हणूनच ही सफाई नुसती नावे बदलून होण्यासारखी नव्हती. क्रिस्तोफ जाये यांनी २०२० पासून कॉक्सिनेल या साधनाची स्क्रिप्ट चालवून एकामागून एक ड्रायव्हर बदलले. स्क्रिप्ट फ्लॅगच्या जागी अर्धवट ‘जीएफपी_’ एवढेच लिहून सोडत असे. पुढचा शब्द हाताने भरायचा, आणि त्यासाठी मेमरी मागणारे फंक्शन कोण बोलावते, त्या वेळी कुठला लॉक धरलेला आहे, हे मागे मागे जात शोधायचे. निवडीचे कारण पॅचच्या वर्णनात लिहायचे. असे पॅच वाचणे हा मला ड्रायव्हर शिकण्याचा उत्तम मार्ग वाटतो.

कर्नेलमधल्या, अजून पक्क्या न झालेल्या ड्रायव्हरांच्या ‘स्टेजिंग’ विभागातली कहाणी याहून बोलकी आहे. २०१७ साली ४.१२ मध्ये आलेल्या ‘आरटीएल८७२३बीएस’ या वायफाय ड्रायव्हरने मेमरीसाठी स्वतःचेच रॅपर आणले होते. ते ‘इन_इंटरप्ट’ तपासून फ्लॅग ठरवत असे: इंटरप्टमध्ये असलो तर अ‍ॅटॉमिक, नाहीतर कर्नेल. दिसायला हुशार, पण साधा स्पिनलॉक धरला असेल तर ही तपासणी ‘नाही’ म्हणते, आणि जिथे झोपायला, म्हणजे थांबून राहायला, सक्त मनाई तिथे कोड झोपू शकतो. उत्तर फक्त बोलावणाऱ्यालाच ठाऊक असते, रॅपरला ते अंदाजानेही कळत नाही.

म्हणून सगळीच रॅपर काढा, असे मी म्हणणार नाही. २०१९ साली ५.१ मध्ये आलेले ‘डेव्हएम_प्लॅटफॉर्म_आयओरिमॅप_रिसोर्स’ दोन कॉल एकात गुंफते. ते कोणताही निर्णय हिरावून घेत नाही. उलट ड्रायव्हर निघताना मॅपिंग सोडण्याचे विसरले जाणारे काम स्वतःकडे घेते. ते राहिलेच पाहिजे. याउलट ‘डीएमए_झॅलॉक_कोहेरंट’ त्याच वर्षी ५.० मध्ये गेले, कारण मूळ फंक्शनच मेमरी शून्य करून देऊ लागले होते.

नागपूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे: कर्नेलचा पॅच ईमेलने जातो, त्यासाठी पुणे-बंगळुरू गाठावे लागत नाही. स्टेजिंगमधला एक ड्रायव्हर उघडा, त्यातले एक रॅपर निवडा आणि त्याला बोलावणारी प्रत्येक जागा वाचून काढा. कॉल बदलण्याआधी तो का बदलता येतो, ते चार ओळींत लिहा. त्या चार ओळी जमल्या, तरच पॅच पाठवा.