मॅशचं तापमान: मे आणि डिसेंबर

भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवलं की एन्झाइम स्टार्चची साखर करतात. हाच मॅश. बार्लीला साधारण ६५ अंश सेल्सिअस लागतात. त्याहून फार वर गेलं की बीटा-अमायलेज लवकर निकामी होतं. (परवान्याशिवाय मद्य बनवणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, म्हणून आपला प्रयोग यीस्टच्या आधीच थांबतो.)

समजा १ किलो माल्ट आणि ७० अंशांचं ३ लिटर पाणी घेतलं. धान्याची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या सुमारे ०.४ पट. यवतमाळात मे महिन्यात माल्ट ४० अंशांवर असेल तर मिश्रण ६६.५ वर येतं. डिसेंबरात पहाटे माल्ट १५ वर असेल तर ६३.५ वर. कृती तीच, फरक ३ अंशांचा! म्हणून वहीत पाण्याबरोबर धान्याचंही तापमान लिहा.

पुढचा तासभर ते टिकवायला लग्नातला पाण्याचा कॅम्पर पुरतो. आधी आतून गरम पाण्याने खंगाळून घ्या, नाहीतर भांडंच उष्णता खातं. मोजताना ढवळून मोजा. मध्यभाग आणि कड सारखी नसते.

आपल्या ज्वारीचं मात्र अवघड. तिचा स्टार्च ६८ ते ७८ अंशांच्या आसपास फुलतो, तिथे बीटा-अमायलेज टिकत नाही. मग एन्झाइम उतरलेलं कोमट पाणी आधी वेगळं काढायचं, उरलेला भरडा शिजवायचा, निववायचा आणि ते पाणी परत घालून ६५ च्या आसपास धरायचं.