वाटाघाटींची पूर्वतयारी : दादरा-नगर हवेलीचा धडा

परराष्ट्राशी बोलणी म्हणजे वक्तृत्वाची लढाई, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक अधिकारी बैठकीस जाण्यापूर्वीच अर्धे काम साधलेले किंवा बिघडलेले असते. आपल्या दप्तरात कोणता कागद आहे, त्यातील शब्दाचा त्या काळी अर्थ काय होता आणि प्रतिपक्ष त्यावर काय उत्तर देईल, या तीन गोष्टी ठाऊक नसतील तर उत्तम भाषणही व्यर्थ होय. दादरा-नगर हवेलीचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

गोमंतक व भारतातील इतर पोर्तुगीज वसाहतींविषयी बोलणी करावीत, असे भारताने फेब्रुवारी १९५० मध्ये पोर्तुगालला सुचविले. पोर्तुगालने चर्चाच नाकारली, तेव्हा जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील वकिलात बंद केली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात दादरा व नगर हवेली पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाली. दमणहून तेथे जाण्याची वाट भारताच्या भूमीवरून होती. ती भारताने बंद केली, म्हणून पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला.

पोर्तुगालची भिस्त पेशव्यांशी झालेल्या १७७९ च्या तहावर होती. दमणकडील गावांचा बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगीजांना द्यावा, असे त्यात ठरले होते. पुढे १७८३ व १७८५ मध्ये गावे लावून दिली गेली. मग पेशव्यांनी दिला तो मुलूख, की केवळ मुलखाचे उत्पन्न?

सांगली-सातारच्या लोकांना हा प्रश्न अवघड वाटू नये. सांगलीचे पटवर्धन पेशव्यांचे सरंजामदार. फौजेच्या खर्चासाठी लावून दिलेले उत्पन्न म्हणजे सरंजाम. देणाऱ्याला तो परत घेता येई. सरंजामदार त्यायोगे सार्वभौम होत नसे. तत्त्वतः ते पद साताऱ्याच्या छत्रपतींचे. हेगच्या न्यायाधीशांना मात्र हे सारे मूळ कागदांवरून उलगडून सांगावे लागले. तहाच्या कोणत्याही प्रतीत सार्वभौमत्व दिल्याचे शब्द नाहीत, हे न्यायालयाने मान्य केले.

परंतु तेवढ्याने दावा निकालात निघाला नाही. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांना त्या गावांचे धनी मानून व्यवहार केला आणि स्वतंत्र भारतानेही ते मुकाट्याने चालू दिले, असे न्यायालय म्हणाले. कागदाने मिळवून दिलेले वहिवाटीने गेले! तेव्हा उपयोगी पडली ती त्याच वहिवाटीची बारकाईने केलेली छाननी. इंग्रजी अमदानीत सशस्त्र लोकांना परवानगीवाचून जाता येत नसे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातही तसेच बंधन होते.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना वाट होती. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांना नव्हती, हे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी.

एका मताचे हे अंतर ध्यानात ठेवावे. परराष्ट्राशी बोलणाऱ्या अधिकाऱ्याला परकी भाषा व कायदा तर यावाच. पण आपले मोडी दप्तरही वाचता यावे, आणि त्यातील आपल्या गैरसोयीची पाने त्याने आधी वाचावीत. ती पाने प्रतिपक्ष वाचल्याशिवाय राहत नाही.